परत आलेलं प्लगइन

'मूडल' हे ऑनलाइन शिक्षणासाठीचं मुक्त सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये ते जगापुढे आणलं. त्याला कुणीही स्वतःचं प्लगइन जोडू शकतं. मात्र अधिकृत यादीत यायचं, तर आधी तपासणी होते.

मी गृहपाठाची आठवण करून देणारं एक छोटं प्लगइन पाठवलं. चालत तर मस्त होतं, तरी परत आलं! शेरे दोन : इंग्रजी वाक्यं थेट कोडमध्ये लिहिली आहेत आणि विद्यार्थ्यांची कोणती माहिती साठवता, हे सांगितलेलं नाही. खरं सांगतो, राग आला. एवढ्यासाठी अडवायचं?

मग निमूट कामाला बसलो. सगळी वाक्यं वेगळ्या भाषा-फाइलमध्ये हलवली. साठवलेली माहिती विद्यार्थ्याला मागता यावी, पुसताही यावी, अशी सोय करायला घेतली आणि चपापलोच. कोण किती वेळा उशीर करतो, याची नोंद माझं प्लगइन कायमची ठेवत होतं. खातं बंद झालं तरी!

दुरुस्ती केली, प्लगइन मंजूर झालं. साताऱ्याकडे शिकवणाऱ्या ताईच्या कॉलेजातही मूडल आहे. ती म्हणाली, "मराठीत नाही का रे?" कोडला हात न लावता, एका रविवारी फोनवर बोलत आम्ही ती फाइल मराठीत केली. 'ओव्हरड्यू'साठी ताईनं सुचवलं, 'गृहपाठ द्यायचा राहिलाय.'

आता मीही इतरांची प्लगइन्स तपासतो. त्यांनाही माझा राग येत असेल. येऊ दे!