पर्मनंट नोकरीला टाटा, हातात ट्रॉम्बोन!

ऑर्केस्ट्रातली पक्की खुर्ची सोडून एकट्याने स्टेजवर उभं राहायचं, तेही मागच्या रांगेतलं वाद्य घेऊन? स्वीडनच्या एका पठ्ठ्याने ते करून दाखवलं. आपल्या आगाशीच्या पोराला जमेल का?

आगाशी म्हटलं की कुणाला सुकेळी आठवते, कुणाला अर्नाळ्याचा बीच. पण या पट्ट्यातल्या ख्रिस्ती लग्नाला कधी गेला असाल, तर तिसरी गोष्टही आठवेल. ब्रास बँड! ट्रम्पेट सगळ्यांत आधी कानात शिरतो, सॅक्सोफोन भाव खाऊन जातो. एखाद्या बँडमध्ये मात्र मागे एक जण लांबलचक पितळी नळी पुढे-मागे सरकवत असतो. तोच ट्रॉम्बोन. त्याच्याकडे लक्ष जातं ते लहान मुलांचं. बाकीची वरात पुढे गेलेली असते!

या नळीवर आयुष्यभर पोट भरता येतं? तेही सिम्फनी ऑर्केस्ट्रात? येतं. पण करिअरचा हा रस्ता जरा अजबच आहे.

बटण नाही, भरवसा कानावर

ट्रम्पेटला तीन बटणं असतात. स्लाइडच्या ट्रॉम्बोनला तेही नाही. नळी सरकवायची सात ठिकाणं असतात, पण त्यावर खुणा नसतात. सूर नेमका कुठे लागतो, हे हात आणि कान मिळून ठरवतात. अर्धा इंच इकडे-तिकडे झालं की बेसूर! बाकी कमाल ओठांची आणि फुफ्फुसांची. त्यामुळे रोजचा रियाझ चुकवून चालत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न आहेच. त्या बाबतीत वाडीतल्या घराला शंभरपैकी शंभर मार्क.

पगार थांबण्याचाही!

सिम्फनी ऑर्केस्ट्रात साधारण तीन ट्रॉम्बोन असतात. व्हायोलिनवाले संध्याकाळभर घाम गाळतात, ट्रॉम्बोनवाले बराच वेळ नुसते बसून असतात. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी १८०८ मध्ये पहिल्यांदा वाजली. त्यात ट्रॉम्बोन तोंडाला लागतो तो थेट शेवटच्या भागात. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीतही तेच. अर्धा तास शांत बसायचं आणि मग ओठ गार झालेले असताना पहिलाच सूर मऊ, स्वच्छ काढायचा. ऑफिसात दिवसभर काही काम नसावं आणि साडेपाचला बॉसने बोर्डासमोर प्रेझेंटेशन द्यायला उभं करावं, तसं!

नोकरी मिळवायची तर ऑडिशन. अनेक ठिकाणी ती पडद्याआडून होते, म्हणजे तोंड बघून मार्क नाहीत. मोझार्टच्या ‘रेक्विएम’मधला सोलो, राव्हेलच्या ‘बोलेरो’मधला सोलो, असे ठरावीक तुकडे वाजवायचे. काही मिनिटांत निकाल. मोठ्या ऑर्केस्ट्रात एक खुर्ची रिकामी व्हायला कधी कधी वीस-वीस वर्षं लागतात. म्हणूनच एकदा मिळालेली खुर्ची कुणी सोडत नाही.

विसाव्या वर्षी राजीनामा

क्रिश्चन लिंडबर्गने मात्र ती सोडली. जन्म १९५८, देश स्वीडन. जॅक टीगार्डन या जॅझवाल्याच्या रेकॉर्ड ऐकून स्वारी ट्रॉम्बोनच्या प्रेमात पडली. वय वर्षं सतरा, म्हणजे क्लासिकलच्या दुनियेत चक्क उशीर. पण एकोणिसाव्या वर्षी स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात नोकरी! घरचे खूश, आयुष्य सेट. आणि विसाव्या वर्षी पठ्ठ्या बाहेर. कशासाठी? सोलो वाजवण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? व्हायोलिन किंवा पियानो असता तर काहीच नाही. पण ट्रॉम्बोनच्या सोलोवादकाची पोस्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. वाजवायला पुरेशा रचनाही नव्हत्या. मग त्याने त्या लिहून घेतल्या. नव्या-जुन्या संगीतकारांच्या मागे लागून शेकडो. त्यातली यान सँडस्ट्रॉमची ‘मोटरबाइक कन्चेर्तो’ सगळ्यांत गाजली. ट्रॉम्बोनमधून चक्क बाइकची घरघर! आधुनिक काळात फक्त सोलो ट्रॉम्बोनवर पूर्णवेळ करिअर करणारा पहिला वादक, ही त्याची ओळख. पुढे तो कंडक्टर आणि संगीतकारही झाला.

नोकरीही, सोलोही

सगळ्यांनीच राजीनामा द्यायला हवा असं नाही. जोसेफ अलेसी १९८५ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकचा मुख्य ट्रॉम्बोनवादक झाला. तेव्हा तिथे संगीत दिग्दर्शक कोण होतं? आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता! अलेसीने खुर्ची धरून ठेवली आणि तिथूनच सोलो वाजवले. त्याच्यासाठी क्रिस्टोफर राउसने लिहिलेली कन्चेर्तो १९९२ मध्ये पहिल्यांदा वाजली आणि १९९३ मध्ये तिला पुलित्झर मिळालं.

विरार ते नरिमन पॉइंट

आता आपल्याकडे या. झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पण पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांना खरी रोजीरोटी दिली ती हॉटेलांनी आणि हिंदी सिनेमाने. ब्लास्को मोन्सोरातसारख्या गोव्याच्या घराण्यातल्या वादकांचा ट्रॉम्बोन कितीतरी गाण्यांत आहे, फक्त कॅसेटच्या कव्हरवर त्यांचं नाव नसायचं. मग सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या खुर्च्या कमी होत गेल्या.

२००६ मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर, पुढे थोडी पायपीट. अंतर हा प्रश्नच नाही, अर्धं विरार रोज तेवढं जातं! प्रश्न वेगळा आहे. या ऑर्केस्ट्रात भारतीय वादक मोजके आणि सीझनला बरेचसे परदेशातून येतात. तिथे बसायचं तर लहानपणापासून शिकवणारा गुरू हवा, चांगलं वाद्य हवं आणि परदेशी शिक्षणाचा खर्चही. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा इथे देता येतात, पण परीक्षा म्हणजे नोकरी नव्हे. पक्का पगार हवा तर पोलीस किंवा नौदलाचा बँड. नाहीतर आठवडाभर ऑफिस आणि लग्नसराईत बँड.

म्हणून लिंडबर्गची गोष्ट ‘नोकरी सोडा, स्वप्न जगा’ या पोस्टरवर चिकटवू नका. त्याची हिंमत मोठीच. पण सोडायला त्याच्याकडे खुर्ची होती, शिकायला कॉलेज होतं आणि समोर ऐकणारा देश होता. आगाशीच्या बँडमधल्या पोराकडे फुफ्फुसं आहेत, कान आहे, घरात चार पिढ्यांचं संगीतही असेल. राजीनामा लिहायला आधी अपॉइंटमेंट लेटर लागतं, बॉस!

आधी हे ऐका

* मोझार्ट, ‘रेक्विएम’: ‘तुबा मिरुम’ची सुरुवात. एकटा ट्रॉम्बोन आणि एकटा गायक.
* राव्हेल, ‘बोलेरो’ (१९२८): मध्यावर येणारा सोलो. भल्याभल्यांचे ओठ इथे थरथरतात.
* सँडस्ट्रॉम, ‘मोटरबाइक कन्चेर्तो’: लिंडबर्गचंच रेकॉर्डिंग शोधा. हेडफोन लावून, विरार फास्टमध्ये.