चित्राखालची ओळ

साहस म्हटले की शहापूरच्या माहुलीचा कडा चढणे किंवा मुरबाडचा नाणेघाट ओलांडणे डोळ्यांसमोर येते. परंतु साहसाचा आणखी एक प्रकार आहे. तो याच ठाणे जिल्ह्यातील काही वृद्ध स्त्रियांनी दाखवून दिला.

घर माणसांनी भरलेले असले, तरी निरक्षर मनुष्याच्या वाट्याला एक निराळे एकटेपण येते. नातवाच्या पुस्तकातील चित्र आजीला समजते. पण चित्राखालची ओळ तिच्यापुरती मुकीच राहते. आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. कागदावर अंगठा उठविताना त्यात काय लिहिले आहे, हे ठाऊक नसते.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी शिवजयंतीच्या उत्सवात वाचन चालू असता, 'आपल्यालाही वाचता आले असते तर!' अशी खंत काही वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. गावकऱ्यांच्या व एका धर्मादाय संस्थेच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिलादिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर खांद्याला लावून, घरकाम आटोपल्यावर दुपारी शाळेत येऊ लागल्या. थरथरत्या बोटांनी त्या पाटीवर मुळाक्षरे गिरवीत. घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेत.

उतारवयात पाटी हाती धरताना भीती कड्यावरून पडण्याची नसते. चारचौघांत हसे होण्याची असते. एकोणिसाव्या शतकात रमाबाई रानडे पतीच्या साहाय्याने लिहावाचावयास शिकू लागल्या, तेव्हा घरातील स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. भरल्या घरात त्या एकट्या पडल्या. फांगण्याच्या आजीबाईंचे भाग्य असे की, त्यांना हे पाऊल एकटीने टाकावे लागले नाही. साऱ्याजणी एकत्र बसल्या, एकत्र चुकल्या आणि एकमेकींना सावरीत शिकल्या. त्यामुळे हसे होण्याची भीती ओसरली.

काही काळाने त्यांपैकी कित्येकजणी अंगठ्याऐवजी स्वतःची सही करू लागल्या. ती अक्षरे वेडीवाकडी असतील. परंतु ती त्यांची स्वतःची होती. ज्ञानाची वाट कोणत्याही वयात धरता येते. त्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याचे धैर्य मात्र हवे. आणि सोबत मिळाली, तर ते धैर्य अधिक लवकर येते.