त्वचा व केस यांची ऋतुमानानुसार निगा

त्वचा व केस यांची ऋतुमानानुसार निगा : हवेतील आर्द्रता, तापमान व सूर्यप्रकाश यांत वर्षभरात होणाऱ्या बदलांस अनुसरून स्नान, तेल, साबण, वस्त्रे व औषधी लेप यांच्या वापरात करावयाचा फेरफार. या विषयावरील प्रचलित मार्गदर्शन बहुतांशी थंड व कोरड्या प्रदेशांच्या अनुभवावर आधारलेले असून त्यात हिवाळा हा त्वचेचा मुख्य शत्रू मानलेला असतो. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर मात्र त्वचाविकारांचा खरा हंगाम पावसाळा व त्यानंतरचा आश्विनातील उष्मा हा होय. पालघर जिल्ह्यातील वसई–विरार हा पट्टा याचे चांगले उदाहरण आहे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील कोळीवाडे, खाडीकाठची मिठागरे, पश्चिमेकडील बागायत, पूर्वेस तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्याची भातशेती आणि रेल्वेमार्गालगतची दाट नागरी वस्ती (२०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सु. १२ लाख) हे सारे थोड्या अंतरात एकत्र आलेले असल्याने एकच ऋतू निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या त्वचेवर कसा निरनिराळा परिणाम करतो, हे तेथे दिसून येते.

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे शृंगस्तर. मृत, चपट्या कोशिका व त्यांना सांधणारे स्निग्ध पदार्थ यांचा तो बनलेला असतो. त्यातील पाण्याचे प्रमाण फार घटल्यास तो ताठर होऊन त्याला भेगा पडतात. उलट तो दीर्घकाळ ओला राहिल्यास फुगतो, पांढुरका व मऊ पडतो आणि त्याची रोधकशक्ती नाहीशी होते. त्वचेची निगा म्हणजे तीवर काहीतरी लावणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दमट प्रदेशात ती अर्धीच खरी आहे. तेथे वर्षातील निदान चार महिने त्वचा कोरडी करणे हेच मुख्य काम असते.

आयुर्वेदातील ऋतुचर्येत हा विचार स्पष्टपणे आलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या व वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात सहा ऋतूंचा आहारविहार सांगितला आहे. हेमंतात अंगास व मस्तकास तेल, वसंतात कोरड्या चूर्णांनी उटणे, ग्रीष्मात चंदनाचा लेप असा हा क्रम असून, वर्षा ऋतूत हलकी स्वच्छ वस्त्रे वापरावीत व ओल नसलेल्या जागी राहावे, असे चरकसंहिता सांगते. कोकणातील चाळीत किंवा तळमजल्याच्या खोलीत हा उपदेश पाळणे सर्वांत कठीण, आणि त्याची गरजही तेथेच सर्वांत अधिक.

पावसाळा : जून ते सप्टेंबर या काळात या भागात सु. २,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. धुतलेले कपडे दोनदोन दिवस वाळत नाहीत; चामड्याच्या पादत्राणांना बुरशी येते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभे राहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या पायांच्या बोटांमधील कातडी कुजून सोलवटते. यास चिखल्या म्हणतात. गळक्या बुटांत दिवस काढणाऱ्या शहरी नोकरदारासही हाच विकार होतो, मात्र तो त्यास चिखल्या म्हणत नाही. यावर मेंदीचा पाला वाटून लावण्याची पद्धत जुनी आहे. कोणताही लेप लावण्यापूर्वी पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपून कोरड्या करणे महत्त्वाचे आहे. ओल्या बेचकीत तेल वा मलम भरल्याने ओल आतच कोंडली जाते. पादत्राणांचे दोन जोड आलटूनपालटून वापरणे व आतले कपडे वाळले नसल्यास इस्त्रीने पूर्ण कोरडे करणे, हे उपाय कोणत्याही महागड्या प्रसाधनापेक्षा गुणकारी ठरतात.

साचलेल्या पाण्याचा धोका याहून गंभीर आहे. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा व विरार येथील सखल भाग अनेक दिवस पाण्याखाली होते. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरा जंतू जखमांतून, तसेच भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. पायाची भेग किंवा चिखली ही अशा वेळी सौंदर्याची बाब उरत नाही. अशा पाण्यातून चालून आलेल्या व पायास जखम असलेल्या व्यक्तीने प्रतिबंधक औषधासाठी लगेच डॉक्टरांकडे जावे. ताप येण्याची वाट पाहू नये.

नायटा (गजकर्ण) : जांघ, कंबर व काखा यांत होणारा हा कवकजन्य विकार पूर्वी पावसाळ्यात येऊन थंडीत ओसरत असे. गेल्या दीड दशकात भारतात त्याचे स्वरूप पालटले असून तो वर्षभर टिकतो, घरातील सर्वांस होतो व नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या कवकाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे अनेक वाण टर्बिनाफीन या प्रमुख औषधास रोधक आहेत. विरार ते चर्चगेट हे सु. ६० किमी. अंतर गर्दीच्या लोकलमध्ये घट्ट, जाड कपड्यांत रोज दोनदा कापणाऱ्यांना घाम सुकवण्याची संधीच मिळत नाही.

या बदलास एक कारण मात्र माणसाने स्वतः निर्माण केले आहे. क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, कवकरोधी द्रव्य व प्रतिजैव द्रव्य यांचे मिश्रण असलेली मलमे दुकानातून सर्रास घेतली जातात. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते व रोग बरा झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारक्रिया दबल्याने कवक अधिक पसरते, नायट्याची कडा पुसट होऊन निदान अवघड होते आणि जांघेतील कातडी पातळ होऊन तीवर कायमचे वळ उमटतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून न विकण्याच्या औषधांत समाविष्ट केली. तथापि उरलेली नळी शेजाऱ्यास देण्याच्या सवयीस कायदा पोहोचत नाही. नायट्याचा उपचार डाग दिसेनासे झाल्यावरही डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपर्यंत, घरातील बाधित व्यक्तींनी एकाच वेळी घ्यावा लागतो. टॉवेल व आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात ऊन कडक व हवा दमट अशी स्थिती येते. घाम येतो, पण त्याचे बाष्पीभवन होत नाही. घर्मनलिकांची तोंडे बंद होऊन घामोळे उठते. त्यावर पावडरीचा थर चढवण्याची रीत सार्वत्रिक असली, तरी घामात कालवलेली पावडर घड्यांमध्ये साचते व कातडी घासते. साध्या पाण्याने दोनदा स्नान, सैल सुती कपडे व वारा एवढे बहुधा पुरते.

हिवाळा : दिवाळीच्या सुमारास जमिनीवरून येणारे कोरडे वारे सुरू होतात. तेल लावून उटण्याने स्नान करण्याचा अभ्यंगस्नानाचा विधी नेमका या संधिकालात येतो, हे लक्षणीय आहे. खोबरेल सु. २४° से.च्या खाली गोठते. त्यामुळे पहाटे बाटलीतले तेल थिजलेले दिसले की घरोघरी थंडी आल्याचे कळते. या भागातील थंडी सौम्य असते. तरीही कढत पाण्याचे स्नान व तीव्र साबण शृंगस्तरातील स्निग्धांश काढून टाकतात. कोमट पाणी वापरावे, साबण काखा, जांघा व पाय यांपुरता ठेवावा आणि अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल वा व्हॅसलीन लावावे. टाचांच्या भेगांवर कोकमाच्या बियांपासून काढलेले कोकमेल कोकणात पूर्वापार वापरतात.

मिठागरांतील कामगारांना ही काळजी अधिक घ्यावी लागते. पावसाळ्यानंतर मेअखेरपर्यंत चालणाऱ्या या कामात संहत खाऱ्या पाण्यात पाय बुडालेले असतात. मीठ कातडीतील पाणी शोषते, भेगा खोल जातात व त्यांत मिठाचे कण रुतून व्रण होतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि काम संपताच गोड्या पाण्याने पाय धुण्याची सोय हे यावरील मुख्य उपाय होत; मलमाचे स्थान त्यानंतरचे.

उन्हाळ्याबद्दल एवढे सांगणे पुरे की, वसईच्या अक्षांशावर (सु. १९° २०′ उ.) सूर्य मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस डोक्यावर येतो. ढगांतूनही जंबुपार किरणांचा काही भाग खाली पोहोचत असल्याने वांगासारखे डाग असणाऱ्यांनी पावसाळ्यातही छत्री, टोपी व प्रकाशरोधी मलम सोडू नये.

केस : खोबरेल केसांच्या दांड्यात शिरते व धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात आढळले. यावरून ते केसांस उपकारक ठरते. टाळूचा प्रश्न निराळा आहे. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया हे कवक त्वचेतील स्निग्ध पदार्थांवर जगते. म्हणून पावसाळ्यात कोंडा वाढलेला असताना टाळूवर तेल जिरवत बसणे उलटे फळ देते. न्हाण्यापूर्वी तासभर केसांच्या लांबीस तेल लावून ते धुऊन टाकावे. ओल्या केसांचा अंबाडा बांधू नये. जेथे विहिरी वा कूपनलिकांचे पाणी मचूळ अथवा जड आहे, तेथे साबणाचा साका केसांवर बसून ते राठ होतात. शिकेकाई किंवा सौम्य शाम्पू अशा पाण्यात साबणापेक्षा बरे.

पावसाळ्यात व नंतर केस अधिक गळतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. केस वाढीचा काळ संपवून विश्रांतीच्या अवस्थेत गेला की सु. तीन महिन्यांनी गळतो. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात हिवताप, डेंग्यू वा विषमज्वर होऊन गेलेल्याचे केस दिवाळीच्या आसपास मूठमूठ गळू लागतात आणि दोष पाण्याला किंवा बदललेल्या तेलाला दिला जातो. अशी गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते व केस पुन्हा येतात. टाळूवर गोल चट्टा पडणे (चाई), खपल्या धरणे किंवा मुलांच्या डोक्यात पू होऊन केस सहज उपटून येणे, ही लक्षणे मात्र ऋतूशी निगडित नसून त्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते.