टीव्हीमागचं जंजाळ
टीव्हीमागे हात घालण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठे होती ते नंतर हमखास आठवत नाही. मग सगळे प्लग काढा, धूळ झटका आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहा: ‘सेट टॉप’, ‘साउंडबार’, ‘वायफाय’. एकाच टोकाला लिहिलं, तर बोर्डापाशी पुन्हा ओढाताण आलीच.

खरी मेख आहे ती विजेच्या आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या ठेवण्यात. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. साधी ऑडिओ वायर तिला खेटून लांबवर गेली, की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू येऊ शकतं. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. डिशची जाड केबल करकचून दुमडू नका. आतली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांतलं अंतर बिघडलं, की सिग्नल मार खातो.

बांधायला वेलक्रोची पट्टी घ्या. प्लॅस्टिकचा टाय कापताना कात्री वायरीलाच लागते (आमच्या साउंडबारची अशीच गेली). एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नका. आणि टीव्ही थोडा पुढे ओढता येईल इतकी ढील सोडा, नाहीतर झटका थेट पोर्टला बसतो.