दोन वाढदिवसांची गोष्ट

तुमचा वाढदिवस वर्षातून कितीदा येतो? 'हा काय प्रश्न झाला? एकदाच!' असंच म्हणाल ना? मग घरातल्या आजीला विचारून बघा. शाळेच्या दाखल्यावरची तारीख बाजूला सारून ती पटकन तिथी सांगेल. म्हणजे वाढदिवस झाले दोन!

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. आश्रमाची सहल तुमच्यापैकी कितीतरी जणांनी केली असेल. तिथं राहणाऱ्या बापूजींचेही असेच दोन वाढदिवस होते. तारखेनं 2 ऑक्टोबर आणि तिथीनं भाद्रपद वद्य द्वादशी. गुजरातीत चरख्याला रेंटियो म्हणतात आणि द्वादशीला बारस. 'वाढदिवस करायचाच तर माझा नको, चरख्याचा करा,' असा बापूजींचा आग्रह असे. म्हणून त्या तिथीचं नावच पडलं रेंटिया बारस. त्या दिवशी हार-पेढे नाहीत, सूतकताई!

बापूजी 1936 साली इथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पुढच्याच वर्षी त्यांचा एक जुना मित्र दक्षिण आफ्रिकेहून त्यांना भेटायला हिंदुस्थानात आला. हर्मन कॅलनबॅक त्याचं नाव. धंद्यानं तो वास्तुशिल्पी होता. सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहता यावं म्हणून 1910 साली त्यानं आपली अकराशे एकर जमीन बिनभाड्यानं देऊन टाकली होती. हेच ते टॉलस्टॉय फार्म. हा कॅलनबॅक धर्मानं ज्यू, म्हणजे यहुदी होता. गंमत अशी, की यहुदी मुलांचेही वाढदिवस दोनच असतात. एक इंग्रजी तारखेचा आणि एक त्यांच्या हिब्रू पंचांगाचा.

त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात. वर्ष अकरा दिवसांनी कमी पडत जातं. मग एकोणीस वर्षांत सात वेळा ते अदार नावाचा महिना दुबार घेतात. आठवलं ना काही? आपल्या अधिक महिन्याचा सख्खा भाऊच तो! त्यांचा दिवस मात्र सूर्य मावळला की सुरू होतो. मंगळवारी रात्री आठला जन्मलेलं बाळ त्यांच्या हिशेबानं बुधवारचं. आणि एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख न् तिथी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. आपल्याकडेही तसंच होतं. मोठ्या भावाचं किंवा ताईचं वय तेवढं असेल तर पंचांग उघडून ताडून पाहा.

यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथात वाढदिवसाची मेजवानी एकाच माणसाची आहे, आणि तो आहे इजिप्तचा राजा फारो, म्हणजे परकाच! नंतरच्या काळातली एक गोष्ट मात्र फार छान आहे. बॅबिलोनियातल्या योसेफ नावाच्या पंडितानं साठ वर्षं पुरी झाली म्हणून विद्वानांना जेवण घातलं. आपल्याकडे आजोबांची साठी शांत करतात, तसंच काहीसं. बाकी धर्मशास्त्रानं वाढदिवसाचं बंधन घातलेलं नाही. तरीही श्रद्धाळू लोकांत हळूहळू एक समजूत रुजली. देवानं आपल्याला काहीतरी काम सोपवून ज्या दिवशी इथं धाडलं, तो हा दिवस. म्हणून त्या दिवशी थोडा वेळ एकट्यानं बसायचं, वर्षभरात काय केलं ते आठवायचं, एखादं नवं चांगलं काम धरायचं आणि गरजूंना काही द्यायचं. या देण्याला ते त्सेदाका म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी दया नाही, न्याय आहे. म्हणजे देणारा उपकार करत नाही, घेणाऱ्याचा हक्कच पोचता करतो. सगळी यहुदी घरं हे पाळतात असं नाही हं! केक कापून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत.

तेरावा वाढदिवस मात्र मुलग्यांना चुकत नाही. मुलींचा बारावा. तोवर पोराच्या वागण्याचा जाब आईबापांना, त्यानंतर त्याचा त्यालाच. त्या दिवसानंतर मुलगा प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथाच्या वाचनाला उभा राहतो, आणि त्याच्या जबाबदारीतून सोडवल्याबद्दल बाप चक्क देवाचे आभार मानतो! (तुमच्या बाबांना हे वाचून दाखवू नका.)

बापूजींच्या पंचाहत्तरीची गोष्ट ऐका. 1944 च्या फेब्रुवारीत कस्तुरबा कैदेतच वारल्या होत्या. त्यांच्या नावानं देशभर निधी जमला आणि 2 ऑक्टोबरला तो सेवाग्रामात बापूजींच्या हाती देण्यात आला. तो होता खेड्यापाड्यांतल्या बायका-मुलांसाठी.

यहुदी लोक वाढदिवसाला 'एकशेवीस वर्षं जग' असा आशीर्वाद देतात, कारण त्यांचा मोशे तितका जगला. बापूजींना त्याहून पाच जास्त हवी होती. सेवा करता करता 125 वर्षं जगायचं, असं ते बोलून दाखवत. ऑगस्ट 1946 मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडलं आणि पुन्हा परतणं झालंच नाही. 1947 चा 2 ऑक्टोबर दिल्लीत उजाडला. फाळणीनंतरच्या दंगली चालू होत्या. बापूजींनी उपास केला, प्रार्थना केली, रोजच्यापेक्षा जास्त सूत कातलं. लोक शुभेच्छा द्यायला येत होते. त्यांना बापूजींनी सांगितलं, की माणसं एकमेकांना मारत असताना आता 125 वर्षं जगायची इच्छा उरलेली नाही. तो त्यांचा अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस होता, आणि शेवटचा.