दुखऱ्या पाठीचा खेळाडू



खत, बियाणे आणि फवारणीवर लिहिणारा माणूस आज चेंडूच्या खेळावर काय लिहितो, असे तुम्ही म्हणाल. त्याचे असे झाले. मागच्या महिन्यात उसातली हुमणी पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. पडवीत त्या घरचा मुलगा गुडघ्याला आंबेहळदीचा लेप लावून बसला होता. कबड्डीत पकड करताना गुडघा पिरगळला होता आणि आठ दिवसांवर जिल्ह्याची निवड चाचणी होती. बाप म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी सांगा याला. आमचं ऐकत नाही." मुलगा म्हणाला, "पट्टी बांधून खेळतो साहेब. या वेळी बसलो तर परत कोण विचारतंय?"

मी त्याला अमेरिकेतल्या एका पोराची हकिकत सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

मिसुरी हे तिकडचे मका, सोयाबीन आणि गुराढोरांचे राज्य. 1862 च्या कायद्याने शेतीशिक्षणासाठी ज्या विद्यापीठांना सरकारी जमिनींचा आधार मिळाला, त्यांपैकी एक तिथे आहे. आपली राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची विद्यापीठे त्याच धर्तीवर निघाली. माझा पुतण्या तिथे मातीचे शास्त्र शिकत होता, म्हणून ही गोष्ट आमच्या घरात आली. हिवाळाभर तिथे बास्केटबॉलचे वेड असते. 1891 साली हा खेळ निघाला तेव्हा चेंडू टाकायला पीच फळांच्या टोपल्याच ठोकल्या होत्या. बास्केट म्हणजे टोपली, नाव त्यावरून पडले.

2017 साली त्या विद्यापीठात मायकेल पोर्टर ज्युनियर हा सहा फूट दहा इंच उंचीचा मुलगा दाखल झाला. शाळेत असतानाच त्याची गणना देशातल्या अगदी वरच्या खेळाडूंत होत होती. पण शाळा सुटल्यावर एक वर्ष गेल्याशिवाय आणि निवडीच्या त्या कॅलेंडर वर्षात वयाची 19 वर्षे भरत असल्याशिवाय तिकडच्या मोठ्या व्यावसायिक संघांना मुलगा घेता येत नाही. म्हणून असे खेळाडू वर्षभर कॉलेजात खेळतात. त्या काळी कॉलेजकडून त्यांना शिक्षण, राहणे, जेवण एवढेच मिळे. स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मोकळीक 2021 पासून आली आणि विद्यापीठांनी थेट पैसे देणे 2025 पासून सुरू झाले. खरी कमाई पुढे, जूनमध्ये. तेव्हा व्यावसायिक संघ एकामागून एक आपला खेळाडू उचलतात. आधी उचललेल्याला जास्त पैसा. पहिल्याचा पगार चौदाव्याच्या दुपटीहूनही अधिक असतो.

पोर्टर पहिला हंगामी सामना खेळला 10 नोव्हेंबरला, आणि दोन मिनिटांत बाहेर आला. कंबरेतल्या मणक्यांमधली चकती बिघडली होती. त्याच महिन्यात शस्त्रक्रिया झाली. आता वर्ष गेले, असे सगळ्यांनी धरले.

पण मार्च आला. मार्चमध्ये तिकडे 68 कॉलेजांची मोठी स्पर्धा असते, एकदा हरले की घरी. सगळा देश पाहतो आणि घेणारेही पाहतात. मिसुरीचा संघ 2013 नंतर प्रथमच तिथे पोहोचत होता. बाप त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक, धाकटा भाऊ त्याच संघात. अशा वेळी एकोणीस वर्षांचे पोर बाकावर कसे बसेल? डॉक्टरांनी सरावाला परवानगी दिली होती. तो दोन सामने खेळला, एक त्या स्पर्धेच्या आधीचा आणि एक त्या स्पर्धेतला. पहिल्यात 12 गुण, दुसऱ्यात 16. अंग अवघडलेले होते, उडी पूर्वीची नव्हती. दोन्ही सामने संघ हरला.

जूनमध्ये 13 संघांनी त्याला सोडून दुसरे खेळाडू उचलले. चौदाव्या क्रमांकावर डेन्व्हरने घेतला आणि जुलैत पाठीवर दुसरी शस्त्रक्रिया झाली. पुढचा अख्खा हंगाम तो एकही सामना खेळला नाही. मार्चच्या त्या दोन सामन्यांनीच पाठ बिघडली, असे मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांनी सांगायचे. मात्र त्या दोन सामन्यांनी बाजारात त्याचा भाव वाढला नाही, हे दिसतेच आहे.

इथे पडवीतला मुलगा म्हणाला, "पण बसला असता तर चौदावाही नसता." शंका रास्त आहे. म्हणून त्याला आणखी दोन नावे सांगितली. सिनसिनाटीच्या केन्यन मार्टिनचा मार्च 2000 मध्ये पाय मोडला, मोठी स्पर्धा हुकली, तरी जूनमध्ये तोच सर्वांत आधी उचलला गेला. ड्यूकचा कायरी अर्विंग अंगठ्याच्या दुखापतीने त्या हंगामात फक्त 11 सामने खेळला, आणि 2011 साली पहिला क्रमांक त्याचाच. घेणारा माणूस बैलाची चाल बरेच दिवस बघत असतो, एका बाजारावर तो ठरवत नाही. खांदेसूज आलेला बैल आपण औताला धरत नाही. चाबूक मारला तर तो ओढीलही, पण तो हंगाम त्याचा शेवटचा ठरू शकतो.

तिकडे मोठे होऊ घातलेले खेळाडू शरीराचा विमाही उतरवतात. दुखापतीने भाव उतरला तर भरपाई, आपल्या पीक विम्यासारखे. भरपाई वेळेवर मिळते का, हे विचारू नका.

पोर्टरचे पुढे भले झाले. 2021 मध्ये पाच वर्षांसाठी किमान 17 कोटी 20 लाख डॉलरचा करार झाला. त्याच डिसेंबरात पाठीवर तिसरी शस्त्रक्रिया झाली. 2023 साली डेन्व्हरने अजिंक्यपद जिंकले, तेव्हा तो त्या संघात होता. पण तीन वेळा कापलेली पाठ त्याची एकट्याची. तिच्यात ना प्रशिक्षक वाटेकरी, ना टाळ्या वाजवणारे.

मुलाच्या आईने विचारले, "मग लेप लावू नको का?" लावा की. लेपाने वरची सूज उतरेल. आतली दोरी नुसती ताणली आहे की तुटली आहे, हे लेपाला कळत नाही. गुडघा मध्येच निसटतो का, जिना उतरताना अडकतो का, हे विचारा. तसे असेल तर हाडांचा डॉक्टर गाठा, आणि वेदना मारणारी गोळी घेऊन मैदानात उतरू देऊ नका. दुखणे ही शरीराची राखण आहे. राखणदाराला झोपवले तर शेत कोण राखणार?

पोरगे काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बापाबरोबर तालुक्याला गेले, एवढे कळले. हुमणी अजून आहे. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या वस्तीवर जाणार आहे.