चेकवरचे नाव आणि खात्यावरचे नाव

आहेरात आलेल्या चेकवर वधूचे सासरचे आडनाव, तर बँकेच्या दप्तरी माहेरचेच नाव कायम, अशा वेळी कारकून विवाहनोंदणीचा दाखला मागतो तो निव्वळ आडमुठेपणाने नव्हे, तर रेखांकित चेकची वसुली सद्भावनेने व निष्काळजीपणा न करता करणाऱ्या बँकेलाच १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३१ संरक्षण देते म्हणून. दोन नावांमध्ये ‘आणि’ असलेला चेक सहसा त्या दोघांच्या संयुक्त खात्यातच जमा होतो. उलटपक्षी, एका सहखातेदाराच्या नावाचा चेक संयुक्त खात्यात बहुधा बिनदिक्कत भरता येतो. नावात खाडाखोड करून शेजारी सही ठोकण्याची जुनी वहिवाट चेकच्या प्रतिमेवर चालणाऱ्या समाशोधनात ग्राह्य नसल्यामुळे नवा चेकच मागावा, आणि संकोच न करता मागावा; २०१२पासून चेकची मुदत तीनच महिन्यांची आहे.